तेलविहिरीच्या पाण्यात डॅफ्निया निश्चल: दोष क्षारांचा की तेलाचा?

प्रश्न
तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याची विषारीपणाची चाचणी डॅफ्नियांवर (इवल्या पाणपिसवांवर) चालू आहे. विरघळलेले क्षार लिटरमागे ६० ग्रॅम. नमुना १२.५ टक्क्यांपर्यंत पातळ केला तरी ४८ तासांत सगळ्या डॅफ्निया निश्चल. नियंत्रणातल्या, म्हणजे नमुना न घातलेल्या स्वच्छ पाण्यातल्या, वीसही ठणठणीत. हा तेलातल्या रसायनांचा परिणाम धरायचा का? की नमुना गाळून चाचणी पुन्हा लावू?

उत्तर १
इतक्यात तेलावर खापर नको. ६० चे १२.५ टक्के म्हणजे ७.५ ग्रॅम, आणि डॅफ्निया मॅग्ना गोड्या पाण्यातली. तिला एवढे क्षारच पुरतात. आधी पातळ करण्याची मालिका ६.२५, ३.१३, १.५६ टक्क्यांपर्यंत खाली न्या, नाहीतर ईसी५० (अर्ध्या डॅफ्निया निश्चल करणारं प्रमाण) निघणारच नाही. शेजारी कृत्रिम खारं पाणी लावा: सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, सगळं नमुन्याच्याच प्रमाणात. नुसत्या मिठाने क्षारता जुळवली तर तुलना फसते, कारण पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणावर निकाल हलतो. पिलं २४ तासांच्या आतली, दोन्हीकडे एकाच तुकडीतली. दोन्ही ईसी५० जवळपास सारखे आले तर कारण क्षार. नमुन्याचा ठळकपणे कमी आला तर आणखी काहीतरी आहे.

उत्तर २
गाळू तर अजिबात नका! तेलाचे थेंब गाळणकागदावर अडकतील आणि विषारीपणाचा एक भाग तिथेच राहील. मात्र पृष्ठभागावर तवंग असेल तर त्याला चिकटलेल्या डॅफ्निया वेगळ्या नोंदवा. ते अडकणं आहे, विषबाधा नाही.

बाटली गडद काचेची, काठोकाठ भरलेली, ४ अंशांवर ठेवलेली हवी. मोकळी जागा राहिली की बेंझिन, टोल्युइन उडून जातात. शिवाय कार्बन डायऑक्साइड सुटून पीएच चढतो, लोह नारिंगी गाळ होऊन बसतं आणि काही धातू सोबत नेतं. २० अंशांवर पीएच ७ वरून ८ झाला तर अमोनियाचा विषारी, आयन नसलेला भाग सुमारे ०.४ वरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून पीएच सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा मोजा.

प्रश्नकर्ता
नमुन्यात हवेचे बुडबुडे सोडून पुन्हा चाचणी घेतली तर?

उत्तर २
जरूर, पण नियंत्रणाच्या पाण्यातही तेवढीच हवा सोडा. विषारीपणा उतरला तर संशय बाष्पशील घटकांवर किंवा हायड्रोजन सल्फाइडवर. उतरला नाही तर नमुन्याचा दुसरा भाग सी१८ स्तंभातून, म्हणजे शोषक भरलेल्या नळीतून, सोडा. त्यात ध्रुवीय नसलेली सेंद्रिय द्रव्यं अडकतात. ईडीटीएने (धातू बांधून ठेवणाऱ्या रसायनाने) फरक पडला तर धातू तपासा.

उत्तर ३
झटपट प्राथमिक तपासणीसाठी चमकणाऱ्या सागरी जिवाणूंची चाचणी सोयीची. त्यांना २ टक्के मीठ लागतंच, त्यामुळे क्षारांचा अडथळा बराच कमी होतो. १५ अंशांवर १५ आणि ३० मिनिटांनी प्रकाश मोजा. गढूळ किंवा रंगीत नमुना स्वतःच प्रकाश अडवतो, तेव्हा रंगाची दुरुस्ती करायला विसरू नका.