प्रतिसाद: वारंवार तोंड धुऊन तेल का थांबत नाही
दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉश वापरूनही दुपारी कपाळ चमकतं, अशी तक्रार एका पोस्टमध्ये होती. चमकणारच. तेल बनतं त्वचेच्या आतल्या तैलग्रंथींत, अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने. फेसवॉश फक्त वरचं तेल काढतो. कपाळ, नाक, हनुवटीवर या ग्रंथी दाट असतात. सौम्य फेसवॉश दोनदा पुरे, त्यावर जेल मॉइश्चरायझर. छिद्रं तुंबत असतील तर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, सुरुवातीला एक दिवसाआड रात्री. लिंबू मात्र कृपा करून चोळू नका: त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २च्या आसपास, त्वचेचा ५च्या. आग होते, उन्हात डागही पडू शकतात. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी डॉक्टरांकडून पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार, ज्यात अँड्रोजन वाढू शकतं) तपासणी करून घ्या.