मदत हवी आहे: आईच्या ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’विषयी

नमस्कार. माझ्या आईवर दोन वर्षे मणक्याचा आजार समजून उपचार झाले. आता रक्तात जीएडी-६५ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे फार वाढलेली आढळल्याने ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’चे (स्नायू आखडून ताठ होण्याच्या एका दुर्मिळ आजाराचे) निदान झाले आहे. कुकरची शिट्टी अचानक वाजली तरी तिची पाठ आणि पोट फळीसारखे ताठ होते, आणि गेल्या महिन्यात ती ओट्यापाशी, हात पुढे न करताच, ओंडक्यासारखी कोसळली. (२०२२मध्ये गायिका सेलीन डिऑन यांनी हाच आजार जाहीर केल्याने नातेवाइकांना समजावणे तरी सोपे गेले.) डायझेपाम आणि बॅक्लोफेनने आखडणे कमी झाले, परंतु दिवसभर गुंगी असते. डॉक्टरांनी आता शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) देण्याचे सुचवले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा उपचार झाला असल्यास फरक कधी जाणवला, किती टिकला आणि विम्यातून खर्च मिळाला का, हे कृपया कळवावे.