मदत हवी आहे: क्लोझापिनची गोळी चालू असताना टीएमएस (मेंदूला चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार) केलंय का कुणी?

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी केळीची शेती. धाकट्या भावाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधं लागू पडली नाहीत, म्हणून दीड वर्षापूर्वी क्लोझापिन सुरू झालं. पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला नेलं, एकही खाडा केला नाही. संशय गेला, आता जेवायला सगळ्यांत बसतो. आवाज मात्र थांबले नाहीत. शेतीची लाईट रात्री येते; मोटार लावून तो विहिरीपाशी बसला की त्या घरघरीतून माणसं बोलतात. परवा म्हणाला, "ताई, त्या माले नाव लिसनी बलाई राह्यनात." म्हणजे ते त्याला नाव घेऊन बोलावताहेत. माझ्या पोटात गोळाच आला. आता वडील सोबत जातात.

नाशिकच्या डॉक्टरांनी टीएमएस सुचवलंय. डाव्या कानाच्या वर, थोडं मागे चुंबकाची कॉइल धरून सेकंदाला एक ठोका, चार आठवडे. भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही. वडिलांना तो शॉकच वाटतो; शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, इथे ती येऊच द्यायची नसते, हे दोनदा समजावलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही: अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2008 मध्ये दिलेली मान्यता नैराश्यासाठी होती, स्किझोफ्रेनियासाठी नव्हे, आणि आवाजांवरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत.

मला भीती फिटची आहे. क्लोझापिननेही तिची शक्यता वाढते. दोन्ही एकत्र घेतलेलं कुणाच्या घरात आहे का? फरक किती दिवस टिकला? केळीची कापणी तोंडावर आहे, तरी नाशिकला खोली घेऊन राहीन. आशा किती धरायची तेवढं सांगा.

प्रतिसाद, भुसावळहून:
ताई, माझ्या बायकोचं टीएमएस क्लोझापिन चालू असतानाच झालं. फिट आली नाही. आधी डोस, डोक्याला मार, शरीरात कुठे धातू, सगळं विचारलं होतं. यंत्राची टकटक मोठी असते, कानात बोळे देतात. भावाला आधी सांगून ठेवा, ही पहिल्या दिवशी घाबरून उठली होती. आवाज गेले नाहीत, पण लांबून आल्यासारखे झाले. स्वयंपाक करताना ती त्यांना उत्तरं देईनाशी झाली. चार-पाच महिन्यांनी पुन्हा वाढले. गोळी चुकवू नका; दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर डोस पुन्हा अगदी कमीपासून चढवावा लागतो. झोप मोडली की फिटचा धोका वाढतो, रात्रीची मोटार त्याच्याकडून काढा. आणि आवाज विहिरीवर बोलावतात, हे डॉक्टरांना आजच सांगा.

धागाकर्ती:
भाऊ, खूप आभार. झोपेचं डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं होतं. आत्ताच फोन करते. आज रात्रीपासून मोटार लावायला मी आणि वडील जाऊ.