गुलामगिरीतली ‘गिरी’ कोणाची?

पाचपाखाडीकर: एका मजकुराचा अनुवाद करतोय. विषय अटलांटिकपलीकडच्या ऊसमळ्यांचा. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली, त्यातली वीसएक लाख वाटेतच मेली, तो सगळा इतिहास. मूळ लेखक ‘गुलाम’ म्हणायचं कटाक्षाने टाळतो, ‘गुलाम केलेली माणसं’ अशा अर्थाचं लिहितो. मुद्दा पटतो, कारण गुलाम म्हणून कोणी जन्माला येत नाही, कोणीतरी करतं. पण तिसऱ्या पानावर माझं मराठी धापा टाकायला लागलं. ‘गुलाम केलेल्या माणसांनी गुलाम केलेल्या बायकांसाठी...’ पुढे वाचवत नाही. आतल्या खोलीत आई नातवाशी गुलामचोर खेळतेय. “गुलाम तुझ्याकडे राहिला, तूच चोर!” म्हणजे पत्त्यांतसुद्धा शिक्षा त्यालाच.

कळवा_पूर्व: मुळात अरबी ‘गुलाम’ म्हणजे पोरगा. आपल्याकडेही तेच घडलंय. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या पुरुषाला ‘पोरगा’ आणि बाईला ‘कुणबीण’ म्हटलेलं सापडतं. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात कुणबीणचे दोन्ही अर्थ दिलेत: कुणब्याची बायको आणि दासी. व्यभिचाराचा ठपका ठेवून बाईला सरकारजमा करायचे आणि किल्ल्यावर राबायला पाठवायचे. ‘बटीक’ही त्याच घरातला शब्द. आमची आजी भांडी आपटत म्हणायची, “मी काय तुमची बटीक आहे?” शब्दाचा इतिहास तिला ठाऊक नव्हता, पण वापर अगदी बरोबर होता. कुणबिणीच्या मुलांना ‘लेकवळे’ म्हणत. या सगळ्या शब्दांत एक गंमत (गंमत कसली!) बघा: मालकाच्या वाट्याला ‘धनी’, राबणारीच्या वाट्याला शिवी.

ऐरोलीची_सून: ‘गुलामगिरी’तली गिरी मला नेहमी खटकते. शिपाईगिरी शिपाई करतो, दादागिरी दादा करतो. मग गुलामगिरी काय गुलाम करतो?

कळवा_पूर्व: ताई, झकास प्रश्न. फारसीत दोन वेगळे प्रत्यय आहेत. ‘गरी’ धंद्याचा, जसं कारागिरी. ‘गीरी’ म्हणजे पकडणं, ताब्यात घेणं, जसं मुलूखगिरी. मराठीत दोघांची एकच ‘गिरी’ झाली. व्युत्पत्तीच्या हिशेबाने ही बहुधा पहिलीच. पण मुलूखगिरीच्या चालीवर वाचली, तर धरणारा हात दिसतो! फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात गुलाम नाही, करणारा उभा आहे.

निवृत्त_तलाठी: इतक्या लांब कशाला जाता? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा जन्मभर, नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. गडी म्हणजे नोकर, पण या गड्याला सोडून जायची सोय नव्हती. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असं ठरलं. वेठबिगारी मोडणारा कायदा यायला 1976 उजाडलं. तलासरी आता पालघर जिल्ह्यात गेली. नाहीतर माझ्या पिढीच्या कानांवर हा शब्द ठाण्याचाच म्हणून पडलेला. आजही वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याला पावसाळ्यात ‘बयाणा’ म्हणजे उचल देतात आणि हंगामभर आठवड्याला फक्त ‘खर्ची’, पोटापुरते पैसे. हिशेबाची वही कोणाकडे असते, ते वेगळं सांगायला नको.

ऐरोलीची_सून: आणि ‘बिगारी’? आमच्याकडे टाइल्सचं काम चालू आहे. मिस्त्री म्हणतो, “उद्या नाक्यावरून दोन बिगारी आणतो.” बिगार म्हणजे फुकट काम ना? हे तर रोज संध्याकाळी पैसे मोजून घेतात.

निवृत्त_तलाठी: मजुरी मिळायला लागली, नाव तेवढं जुनंच राहिलं. ‘वेठीस धरणे’चंही तसंच. वेठ गेली, वाक्प्रचार वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन बसला.

पाचपाखाडीकर: काकांच्या ‘राबायचं’वरून माझा गुंता सुटला. नामाशी झटापट करत होतो, उत्तर क्रियापदात होतं. ‘गुलाम राबले’च्या जागी ‘मळेवाल्यांनी त्यांना राबवलं’. ‘गुलामांनी ऊस तोडला’ खोडून ‘त्यांच्याकडून ऊस तोडून घेतला’. राबणे-राबवणे यांत एका ‘व’चा फरक, पण त्या ‘व’मध्ये मालक येऊन उभा राहतो. ‘केलेली’ दर ओळीत लावायला नको. पहिल्यांदा एकदाच लिहीन, पुढे ‘माणसं’, ‘बायका’, ‘पोरं’.

ऐरोलीची_सून: आणि शीर्षकात?

पाचपाखाडीकर: शीर्षकात ‘गुलाम’च राहतोय. चौकट लहान आहे आणि संपादक हटत नाहीत.