कोळशाच्या थरात जिवाणू सोडून गॅस काढता येतो का?

बल्लारपूरकर: वडील भूमिगत खाणीत होते. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून छताशी धरायची, ज्योतीवर निळसर टोपी दिसली की मिथेन आहे, मागे फिरायचं. आता वाचलं की जिवाणू कोळशापासून हाच गॅस बनवतात. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "कोळसा कोण खातंय रे?" आमच्याकडच्या बंद खाणींत जिवाणू सोडले तर जमेल का?

मृणाल_धनबाद: काकांना सांगा, खातात! आणि बहुतेक ठिकाणी सोडावे लागत नाहीत, खाली असतातच. अमेरिकेत वायोमिंग-मोंटानातल्या पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळशाचा मिथेन मुख्यतः त्यांचाच. त्यात कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, फार कमी सापडतो, त्यावरून ओळखतात.

पण हे एकट्यादुकट्याचं काम नाही. काही जिवाणू कोळशाचे मोठे रेणू तोडतात, काही त्यापासून अ‍ॅसिटेट, हायड्रोजन करतात, मग आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, त्याचा मिथेन करतात. गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर. लुका टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने पावडर रिव्हरमधल्या जुन्या गॅस विहिरींत पोषकद्रव्यं सोडून उत्पादन वाढवायचा प्रयत्न केला. गॅसचे भाव पडले आणि 2013 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मी हे बाटल्यांत केलंय. कोळशाची पूड, थरातलं पाणी, वर रबरी बूच. ऑक्सिजन ओळखायला रेझाझुरिन नावाचा रंग घालतात; पाणी आधी निळं, मग गुलाबी होतं, ऑक्सिजन पुरता गेला की रंग उडतो. महिन्याभराने एखाद्या सकाळी बाटली परत गुलाबी दिसली की पोटात गोळा यायचा. बुचातून हवा शिरलेली, आर्किया संपले.

म्हणून हवा खेळलेली जुनी खाण नको. तिथे कोळशातलं पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) गंजून पाण्यात सल्फेट उतरतं, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन आधीच पळवतात. न खोदलेला, पाण्याखालचा थर बघा.

वरोऱ्याचा_शेतकरी: गॅस सुटायला आधी पाणी उपसावं लागतं ना? ते पाणी जाणार कुठे?

मृणाल_धनबाद: हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. पाण्याचा दाब उतरला की कोळशाला धरून बसलेला मिथेन सुटतो. पावडर रिव्हरमध्ये उपशाच्या पाण्यात सोडियम जास्त होतं, चिकण जमिनीत असं पाणी गेलं की माती घट्ट बसते. तुमच्या काळ्या रानात ते अजिबात सोडू देऊ नका.

बल्लारपूरकर, काकांना एक विचाराल? खाणीत साचलेल्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास यायचा का? सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची ती खूण.

बल्लारपूरकर: विचारलं. लगेच म्हणाले, "जुन्या गोफाजवळ, कोळसा काढून सोडून दिलेल्या भागाजवळ, यायचा. आम्ही तिथे डबा उघडत नव्हतो."