मदत हवी आहे : भेंडीवरची लाल पिल्लं शिकारी की रस शोषणारी?

नागपूर, घरामागची परसबाग. भेंडीवर चार-पाच मिलिमीटरची, बिनपंखी, लाल अंगाची अन् काळ्या पायांची १५-२० पिल्लं घोळक्याने बसली आहेत. चवळीच्या मावा पडलेल्या शेंड्यांवर करडा-काळा लांबट किडा आहे, पाठीवर नारिंगी ठिपके. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. त्यातले दोन-तीन मात्र बरेच मोठे आणि भराभर चालणारे. निमतेल फवारू का?

प्रतिसाद १

आज अजिबात फवारू नका. साबण घातलेलं निमतेल थेट अंगावर पडलं तर मित्रकीटकांच्या कोवळ्या अळ्याही मरतात.

चवळीवरची ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी आहे, मावा खाते. पुढे ती पानाला चिकटून कोष करते, तो रोग समजून खुडू नका. वांग्यावर पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची अळी दिसली तर ती याच कुळातली, पण पान खरवडणारी एपिलॅक्ना. ती वेचून काढा.

लाल पिल्लांच्या रंगावर जाऊ नका. कापसाचा तांबडा ढेकूण आणि शिकारी रेडुविड ढेकूण, दोघांचीही पिल्लं लाल असतात, आणि अंड्यातून निघाल्यावर दोघंही घोळक्यात राहतात. फरक सोंडेत आहे. मऊ ब्रशने एक पिल्लू काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला मलमल बांधा, १० पट भिंगाने बाजूने पाहा. सोंड आखूड, जाड, बाकदार आणि टोक पुढच्या पायांमध्ये टेकलेलं असेल तर शिकारी. लांब, सरळ, पोटाशी चिकटून मागे गेलेली असेल तर रस शोषणारा. बोटाने धरू नका, रेडुविडचा दंश फार झोंबतो. एका बरणीत एकच ठेवा, नाहीतर शिकारी पिल्लं एकमेकांना खातात. बरणी उन्हात नको. काचेवर जमलेल्या थेंबात पिल्लं बुडतात.

प्रतिसाद २

जास्वंदीवरचे मोठे ‘पिठ्या’ बहुधा पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस ढालकिड्याच्या अळ्या असाव्यात. हा ऑस्ट्रेलियाचा किडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. ओल्या ब्रशने अंगावरचं पांढरं मेण पुसा. खाली करडी अळी आणि ठळक सहा पाय दिसले की खात्री. मुंग्या या अळ्यांना हुसकावतात, म्हणून खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर नको. कुंपणाला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिथून चढतील.

धागाकर्ता

सोंड लांब आहे, पोटाशी चिकटलेली. पिल्लं तडकलेल्या शेंगांवरच जास्त आहेत.

प्रतिसाद १

मग तांबडा ढेकूणच. त्याला बी हवं असतं, म्हणून जून, फुटलेल्या शेंगा आधी काढा. भल्या पहाटे तो सुस्त असतो, तेव्हा झाड साबणपाण्याच्या बादलीवर झटका. साबणपाणी बादलीतच राहू द्या, चवळीकडे नेऊ नका.