गडाखालच्या गावांनी कचरा उचलायचा, तर माणसं मोजायचा हक्कही त्यांनाच हवा

डोंगरवाट
हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड, सांदण दरी. अकोले तालुक्यातल्या या जागांवर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जत्रा भरते. त्याआधी मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवारी जे उरतं ते पाचनई, बारी, रतनवाडी, साम्रदच्या माणसांच्या वाट्याला येतं. शहरातले ग्रुप मोहिमा काढतात, गोण्या भरून खाली आणतात. त्यांचे कष्ट खरे आहेत, पण पायथ्याला ठेवलेली गोणी पुढे कुठे जाते, हे कुणी विचारत नाही.

गावाने समिती नेमावी, गावाने झाडावं, गावाने कुंड्या ठेवाव्यात, असं सगळे सांगतात. एका दिवशी किती लोक वर जातील हे मात्र गावाला ठरवता येत नाही. मला हा अन्याय वाटतो. सिक्कीममधल्या लाचेनमध्ये 'जुम्सा' ही गावाची परंपरेने चालत आलेली सभा आहे. तिने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. आपल्याकडे कास पठारावर दिवसाला ३,००० जणांची मर्यादा, आधी नोंदणी आणि आसपासच्या गावांची समिती, अशी व्यवस्था उभी राहिली. मग गडांच्या गावांना हे का नाही?

घाटमाथा
सहमत नाही. 'गाव' म्हणजे नक्की कोण? ज्यांचे तंबू आहेत, जेवणाची सोय आहे, त्यांचं पोट गर्दीवर चालतं. ज्याचं घर वाटेपासून लांब आहे, त्याच्या गाईच्या पोटात पिशवी जाते आणि हातात काही पडत नाही. संख्या ठरवायची वेळ आली की तंबूवाल्यांचाच आवाज मोठा असणार. बाटल्या विकणारी टपरीही गावातलीच. माझ्या मते नियम साधा असावा. ज्याने वर नेलं त्याने खाली आणून आपल्या घरी न्यावं. गावाला यात ओढूच नका.

मुळाकाठ
घाटमाथा दादा, मी याच पट्ट्यातली. टपरी आमची आहे, हे खरं. पण पाकीट कसं बनवायचं हे टपरीवाला ठरवत नाही. भंगारवाला पाण्याची बाटली नेतो, पत्रा नेतो. वेफर्सची, गुटख्याची पाकिटं फुकट दिली तरी नेत नाही, कारण त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्याला भाव नाही. दारूच्या बाटल्या जड. राजूरपर्यंत न्यायच्या तर जीपचं भाडंच जास्त होतं. मग आमच्याकडे खड्डा काढून पेटवून देतात. धूर आमच्याच पोरांच्या छातीत जातो. पेटवायचं राहिलं ते पहिल्या पावसात ओढ्याला लागतं. मुळा हरिश्चंद्रगडावरून निघते, प्रवरा रतनगडावरून. खालचे बागायतदार तेच पाणी वापरतात.

आणि आमच्या बायकांच्या श्रमदानाचं कौतुक आता पुरे झालं. आपल्या अंगणासाठी श्रमदान करतात. लोकांनी फेकलेल्या काचा वेचायच्या तर मजुरी द्या, हातमोजे द्या.

कायदेकानू
थोडी कायद्याची बाजू. २०१६ च्या घनकचरा नियमांत डोंगराळ भागांसाठी वेगळी तरतूद केली होती : डोंगरावर कचराभूमी टाळा, पर्यटकांकडून प्रवेशाच्या ठिकाणी कचऱ्याचं शुल्क घ्या. पण ते नियम मुख्यतः शहरं, जनगणनेतली नगरं, तीर्थस्थळं आणि ऐतिहासिक स्थळं यांच्यासाठी होते. साधी ग्रामपंचायत त्यात थेट बसत नव्हती. दुसरं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. फाटक वनखात्याचं. ग्रामसभा ठराव करू शकते, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली तिच्या शब्दाला वजनही आहे, पण वनखात्याला सोबत घेतल्याशिवाय कुणाला अडवता येणार नाही.

जुन्नरी
कासला रस्त्यावर उभं राहून गाडी थांबवता येते. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून वाट, आमच्या खिरेश्वरातून टोलारखिंडीची वाट, बेलपाड्यातून नळीची वाट. तीन वाटा, तीन जिल्हे. पाचनईने आकडा ठरवला की तेवढीच माणसं खिरेश्वराकडून चढतील. एका गावाच्या हातात हा गड नाही.

रानजाई
शुल्काला माझा विरोध आहे. पैसे भरले की माणूस निर्धास्त होतो, उचलायला कुणीतरी ठेवलंय असं धरून चालतो. अनामत घ्या. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात, रिकामी बाटली परत दिली की पैसे परत. आपल्याकडच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही बाटल्यांच्या परताव्याची तरतूद होती. ती गावपातळीवर नीट रुजलीच नाही. चढताना पाकिटं-बाटल्या मोजायच्या, उतरताना पुन्हा मोजायच्या. उत्तराखंडात केदारनाथच्या वाटेवरही बाटल्यांवर क्यूआर कोड लावले गेले, म्हणजे बाटली परत दिली की कोड तपासून अनामत परत.

डोंगरवाट
जुन्नरींचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच समिती एका गावाची नको, गडाची हवी. तिन्ही वाटांवरची गावं आणि वनखातं, सगळे मिळून एक आकडा. रानजाई, अनामत मलाही पटते. फक्त ती गोळा होईल, तिचा हिशेब ठेवला जाईल, न परतलेली रक्कम कुणाला मिळेल, हे ठरवणारं कुणीतरी हवं. म्हणजे हक्काचा प्रश्न पुन्हा आलाच.

घाटमाथा
अनामत मान्य. संख्येची मर्यादा अजूनही पटत नाही. मर्यादा आली की आधी नोंदणी करणारे मोठे टूरवाले जागा अडवून बसतील आणि एकटादुकटा भटकणारा बाहेर राहील. पाचनईतलं छोटं घरही उपाशी राहील, कारण टूरवाले स्वतःचा आचारी घेऊन येतात.

मुळाकाठ
मग अर्ध्या जागा गावात जेवणाऱ्या-राहणाऱ्यांसाठी ठेवा. मर्यादा हवीच, दादा. उन्हाळ्यात आम्ही पाण्यासाठी लांबवर हंडे वाहतो, आणि त्याच दिवसांत काजव्यांचे पाहुणे येतात. कचरा हा त्यातला एक भाग झाला.

अनामतीचे पैसे बचत गटाच्या खात्यावर जावेत आणि महिन्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. भाव नसलेली पाकिटं तालुक्यापर्यंत न्यायचं भाडं ती बनवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल व्हावं. उत्पादकावर ही जबाबदारी कायद्याने आहेच, मग तिची गाडी आमच्या वाडीपर्यंत का येत नाही? एप्रिलच्या आत ग्रामसभा घेऊन हे लिहून काढलं नाही, तर यंदाही काजव्यांच्या आधी खड्डेच खणावे लागतील.